मोरीचं दार

काशीच्या खोकल्याचं खापर आजवर सगळ्यांच्या माथी फोडून झालं होतं. आधी मिश्रीच्या, मग थंड ताकाच्या, मग कंपन्यांच्या धुराच्या आणि एकदा तर देव्हाऱ्यातल्या अगरबत्तीच्यासुद्धा. टीबीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले. गोळ्यांनी लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, खोकला होता तिथंच राहिला. आता तर गल्लीच्या टोकाच्या नळापर्यंत जायचं तरी तिला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. बाई अजून पन्नाशीचीही नाही, आणि देवळाच्या पायरीवर बसून तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. कुणी विचारलं, काय गो, दमलीस? तर म्हणायची, छे, जरा टेकले.

त्या सोमवारी तिच्या नवऱ्याने, हिरामणने, सकाळचा धंदा सोडला आणि आपल्याच रिक्षात घालून तिला मोरिवलीहून उल्हासनगरला आणलं. कॅम्प एकच्या बाजारात, कापडाच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्याला छातीच्या डॉक्टरीणबाई बसत. डॉक्टर नीलिमा. जिना चढायला काशीला पंधरा मिनिटं लागली.

"छातीचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर काढलाय," हिरामण पुटपुटला. "वर पोचला तो बरा झाला, असं आहे काय यांचं?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी काशीला एका नळीत फुंकायला लावलं. फुंका मावशी, अजून, अजून, थांबू नका! काशीनं जीव एकवटून फुंकलं आणि अर्ध्यातच खोकल्याची उबळ आली. मग बाईंनी आदल्या आठवड्यात काढलेल्या छातीच्या एक्स-रे फोटोची फिल्म उजेडावर धरली. बराच वेळ धरली. तो वेळ हिरामणला फार लांब वाटला, काशीला तर त्याहून.

"मावशी, काम काय करता?"

"काही नाही. घरीच असते."

"ती कुठं काम करते!" हिरामणला ते लागलंच. "मी रिक्षा चालवतो, पोरगा कल्पेश बदलापूरला कंपनीत आहे. हिला काय कमी आहे?"

"दगडखाणीत, भट्टीवर कधी होतात? लग्नाआधी?"

"माझं माहेर बदलापूर गावातलं. भाताची शेती. दगड कुठले?"

बाईंनी फिल्म खाली ठेवली. "बरं. मग सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता, ते सांगा. काही सोडू नका."

आता असा प्रश्न काशीला जन्मात कुणी विचारला नव्हता. ती आधी लाजली, मग सांगत सुटली. पाचला पाणी. मग भाकऱ्या, यांचा डबा, पोराचा डबा. नातीची, रिद्धीची, आंघोळ. ती तीन वर्षांची, पाणी बघितलं की पळते. मग देव, मग भांडी. "आणि सोमवारी, गुरुवारी कंपनीचे कपडे."

"कुठल्या कंपनीचे?"

घराच्या मागच्या भिंतीपलीकडे गिरणी होती. पिठाची नव्हे, गारगोटीची. पांढरा दगड दळून त्याची मैद्यासारखी पावडर करायची, ती पुढं लोखंडाच्या भट्ट्यांना लागते. गिरणीवर अकरा माणसं. कपडे असे माखायचे, की त्यांच्या बायका हात लावीनात. मग गिरणीच्या मुकादमानं, दौलतरावानं, ते धुवायचं काम काशीला दिलं. त्याला झाली चौदा वर्षं. घरबसल्या चार पैसे मिळतात म्हणून तिनं घेतलं. त्याला काम म्हणायचं, हे तिच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

"भिजवून धुता ना?"

"छे हो! भिजवलं की मेलंच. पावडर मोरीत सिमेंटसारखी बसते. पहिल्या महिन्यातच मोरी दोनदा फोडावी लागली. आधी कोरडं झटकायचं. एकेक शर्ट, एकेक पँट धोपाटण्यानं बडवायची. मूठमूठ निघते. ती झाडून गोळा करायची, आणि मग पाणी."

"हे अंगणात करता?"

"आधी अंगणातच करायची," काशी म्हणाली. "समोर बनूबाय राहते."

बनूबाईची दोरी काशीच्या दारासमोरच. दोरीवर बोंबील, खाली चटईवर सुकट. एका सकाळी त्या सुकटीवर पांढरा थर बसला. बनूबाईचा आवाज म्हणजे दोन गल्ल्यांना पुरून उरणारा. ती सगळ्यांदेखत बोलली, की काशी आमच्या घासात माती कालवते. काशी तेव्हा नवी नव्हती, दहा वर्षं संसार केलेली बाई होती, पण ते बोलणं तिच्या काळजात घुसून बसलं. परत कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून कपडे मोरीत. वर पत्रा, बाजूला भिंती, पत्र्याचं दार आतून कडी लावून बंद, आणि दाराखालच्या फटीला ओलं पोतं. दोन-दोन तास आत बडवायची. बनूबाईशी त्या दिवसापासून बोलणं बंद, ते आजपर्यंत.

"चौदा वर्षांत एक कण बाहेर जाऊ दिला नाही, डॉक्टरबाई," काशी म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "तोंडाला काय बांधता?"

"पदर. आणि गूळ खाते ना! मुकादम प्रत्येक गाठोड्यात गुळाचा खडा टाकतो. गिरणीवरच्या बाप्यांनाही देतो. गुळानं धूळ खाली उतरते."

"मावशी, गूळ पोटात जातो. धूळ फुप्फुसात जाते. दोन वाटा वेगळ्या आहेत. गुळाची आणि धुळीची कधी गाठच पडत नाही."

काशीनं नवऱ्याकडे बघितलं. हिरामण फरशीकडे बघत होता. कपडे बडवून ती बाहेर यायची तेव्हा भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं असायचं, आणि हा ओट्यावर चहा पीत म्हणायचा, आली माझी म्हातारी! घरातला तो जुना विनोद होता. ती पण हसायची.

बाईंनी मग फिल्म परत उजेडावर धरली आणि दाखवलं. दोन्ही फुप्फुसांवर बारीक बारीक ठिपके, वरच्या बाजूला जास्त दाट. टीबी नाही हा. गारगोटीची धूळ आत जाऊन रुतून बसलीय, तिच्याभोवती फुप्फुस कडक झालंय. याला सिलिकोसिस म्हणतात. दगड फोडणाऱ्यांना होतो, दळणाऱ्यांना होतो.

"पण मी तर धुणारी," काशी म्हणाली.

"धुळीला ते कुठं कळतं?"

"बरं होईल ना?" हे हिरामणनं विचारलं.

बाई खोटं बोलल्या नाहीत. गेलं ते परत येत नाही, म्हणाल्या. तोंडानं ओढायचा पंप देते, दम कमी लागेल. टीबीची तपासणी मात्र सारखी करत राहायची, कारण अशा छातीत तो लवकर शिरतो. आणि आता पुढं एक कणही आत जाता कामा नये. "ते काम बंद केलंय ना तुम्ही?"

"मी महिन्यापूर्वीच सोडलं. दम पुरेना."

"छान केलंत."

"आता सून करते," काशी म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. "संजीवनी."

"दार लावून?"

"मीच शिकवलंय. दार लावून घे म्हणून."

खालच्या बाजारात कुणीतरी लेस-बॉर्डर ओरडत होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. आज सोमवार. गाठोडं अकराला येतं. आणि आज एक नाही, दोन यायची होती; उद्या गिरणी बघायला कुणी मोठी माणसं येणार, म्हणून मुकादमाला सगळे कपडे चकाचक हवे होते. आणि रिद्धी! रिद्धी आईला क्षणभर सोडत नाही. गेल्या गुरुवारी ती बंद दाराबाहेर रडून गल्ली डोक्यावर घेत होती, तेव्हा काशीनंच सुनेला सांगितलं होतं, घे गं तिला आत, बसेल खेळत.

"फोन लावा," काशी उठली. "अहो, फोन लावा तिला!"

हिरामणनं लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. संजीवनीचा फोन त्या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. कल्पेशचा फोन कंपनीच्या गेटवर जमा.

"मावशी, बसा. एका दिवसानं आभाळ कोसळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त आजपासून थांबवा."

खरंच होतं ते. पण काशीनं मनात हिशोब लावला तो वेगळाच: सोमवार एक, गुरुवार एक, असं म्हणता म्हणताच चौदा वर्षं झाली होती. ती जिन्यापाशी पोचलीसुद्धा.

उतरताना तिला दम लागला नाही, की लागलेला कळला नाही, कोण जाणे. रिक्षात बसल्यावर मात्र छाती भात्यासारखी हलायला लागली. कॅम्प दोनमध्ये हातगाड्या, कॅम्प तीनच्या चौकात सिग्नल, आणि पुढं फर्निचरच्या दुकानासमोर एक टेम्पो रस्ताभर आडवा, त्यातून कपाटं उतरतायत.

"ओ साईं! गाडी साइड में लो ना! पेशंट है!" हिरामण ओरडला.

"दो मिनट, भाई, दो मिनट!"

"दोन मिनिटं! यांच्या दोन मिनिटांच्या तर..." त्यानं शिवी गिळली. आरशात त्याला बायको दिसत होती. पदराचं टोक मुठीत आवळून ती फोन कानाला लावून बसली होती आणि फोन नुसता वाजत होता.

"काशे," तो पुढं बघतच म्हणाला, "मी समोर बसून चहा पीत राहिलो गं. चौदा वर्षं. कधी दार उघडून बघितलं नाही."

उत्तर द्यायला श्वास लागतो, आणि तिला तो घरी पोचेपर्यंत पुरवायचा होता.

मोरिवलीच्या वळणावर एक लांबलचक ट्रेलर कंपनीच्या गेटात वळता वळता अडकला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या. हिरामण मागच्या बाइकवाल्याला मागं सरक म्हणून हात करेपर्यंत काशी उतरली होती. "अगं, मी जातो! तुला झेपायचं नाही!" तो ओरडला, पण त्याची रिक्षा दोन टेम्पोंच्या मध्ये चेपून उभी होती, मागचे हॉर्न बडवत होते, आणि काशी ट्रेलरच्या चाकांमागून पलीकडे गेलीसुद्धा.

तिथून घर फार तर दोनशे पावलं. पन्नासाव्याला तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. नळापाशी ती वाकून उभी राहिली. देवळाची पायरी आली, रोजची टेकायची जागा. आज ती तिथं टेकली नाही. भिंतीला हात लावत लावत गेली. आणि लांबूनच तिला तो आवाज ऐकू आला. धप्. धप्. धप्. बंद पत्र्याआडून धोपाटण्याचा आवाज. तिच्याच हातानं शिकवलेला ताल होता तो.

मोरी घराच्या दर्शनी बाजूला, दार गल्लीत. काशीनं दारावर हात आपटला. "सं..." एवढंच निघालं. पुढचं नाव छातीतच अडकलं. तिनं परत तोंड उघडलं, तर नुसती शिट्टी वाजल्यासारखी हवा आली. तिनं दोन्ही हातांनी पत्रा बडवला.

"थांबा हो, झालंच!" आतून संजीवनीचा आवाज. "आता दार नाही उघडत, धूळ बाहेर जाईल!"

कुणीही दार वाजवलं तरी काम संपेपर्यंत उघडायचं नाही. हेसुद्धा काशीनंच बजावलं होतं. बनूबाय मुद्दाम वाजवेल, म्हणाली होती. सून गुणाची होती, सांगितलेलं ऐकत होती.

काशी दाराला टेकून खाली बसली. तळहातानं पत्रा थापटत राहिली, पण हातात जोर उरला नव्हता. आत रिद्धी खोकली. अगदी लहानसा, कोरडा खोकला. आणि काशीला वाटलं, आपला जीव आत्ता इथंच गेला तरी चालेल, पण आधी हे दार उघडायला हवं.

समोर दोरीवर बोंबील लटकत होते. त्यांच्याखाली बनूबाई सुकट निवडत बसली होती. चौदा वर्षं ती या दाराकडे बघून न बघितल्यासारखं करत आली होती. आता तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उठली.

"काय झाला गो काशे?"

काशीनं दाराकडे बोट केलं. मग कमरेएवढ्या उंचीवर हात धरला, म्हणजे पोर. मग छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. बनूबाईला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. पण बाईनं पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला, आणि ज्या आवाजानं एकेकाळी काशीला आत कोंडलं होतं, तोच आवाज लावला.

"संजे! दार उघड! उघड म्हणते ना! जाऊ दे धूळ बाहेर! मी सांगते, बनू सांगते, जाऊ दे!"

धोपाटणं थांबलं. पोतं सरकलं. कडी निघाली.

दारातून आधी पांढरा ढग आला. मग संजीवनी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, नाकाला ओढणी. कडेवर रिद्धी, हातात प्लास्टिकचा कप, कपात काठोकाठ पावडर. पोरगी आत पीठ-पीठ खेळत होती.

"आई, आलात? बघा ना," संजीवनी हसत म्हणाली, "आमची रिद्धी म्हातारी झाली!"

पोरीच्या जावळावर, भुवयांवर, गालांवर सगळीकडे पांढरं. तीही आजीकडे बघून हसली.

काशीनं तिच्या हातातला कप हिसकावून नाल्यात फेकला. पोरीला ओढून घेतलं, दारातल्या पिंपात तांब्या बुडवला आणि कपड्यांसकट तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. रिद्धी किंचाळली. दुसरा तांब्या, तिसरा. मग रडणाऱ्या पोरीला बनूबाईकडे देऊन तिनं अख्खी बादली भरली आणि मोरीतल्या गाठोड्यावर रिकामी केली.

"अहो आई! मोरी तुंबेल!"

"तुंबू दे," काशी म्हणाली. आता आवाज आला. तुकड्यातुकड्यांनी, पण आला. "डॉक्टर... म्हणाली... टीबी नाही. हीच धूळ... छातीत... दगड झालाय. माझ्या. तुझ्या नको... व्हायला. हिच्या... नको."

संजीवनीच्या चेहऱ्यावरचं हसू पावडरीखालीच विरून गेलं. तिनं नाकावरची ओढणी काढली. आतल्या बाजूलाही ती पांढरीच होती. ओढणीकडे बघत ती मटकन खाली बसली.

बनूबाई ओली पोर छातीशी धरून उभी होती. "म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या सुकटीवर पडू नये म्हणून तू..." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि ती बाई काही रडणाऱ्यातली नव्हती.

तेवढ्यात मुकादमाची गाडी आली. दौलतराव स्कूटरवर दुसरं गाठोडं बांधून आला होता. ओला चिखल, रडणारी पोर, बसलेली सून, हे सगळं त्यानं बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"काय वहिनी, भिजवलं? उद्या लोक येणारेत! हे दुसरं घ्या. आणि हा गूळ, आज डबल टाकलाय."

"नाही घेत," काशी म्हणाली.

"म्हणजे?"

"मशीन लावा... कंपनीत. कपडे धुवायचं. नाहीतर... तुम्ही धुवा. इथं नाही. आणि त्या अकरा जणांच्या... छातीचा फोटो काढा. गूळ नका देऊ."

दौलतरावाला काहीच माहीत नव्हतं असं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मग त्यानं गाठोडं परत आवळलं. "ठीक आहे. गल्लीत बायका काय कमी आहेत?" बनूबाईकडे वळून म्हणाला, "काय मावशी, तुमची सून रिकामीच असते ना? घरबसल्या काम आहे."

"माझ्या दारात उतरवून तर बघ," बनूबाई म्हणाली. "मेल्या, धोपाटणं मोरीतच पडलंय अजून."

स्कूटर पुढं गेली. चार घरं सोडून थांबली. दौलतरावानं हाक मारली, एक दार उघडलं, एक तरुण बाई हात पुसत बाहेर आली.

काशी भिंतीला धरून उठली. हिरामण तेव्हाच गल्लीत धावत शिरत होता, हातात फोटोचं पाकीट. तिनं ते पाकीट त्याच्याकडून घेतलं आणि स्कूटरच्या दिशेनं चालायला लागली. एक घर. दोन. तिसऱ्याच्या पायरीवर तिला बसावं लागलं. पुढच्या दारात मुकादम गाठोडं सोडत होता. काशीनं तोंड उघडलं, पण श्वास परत संपला होता.

खांद्यावर हात पडला. पोरीला संजीवनीकडे देऊन बनूबाई मागोमाग आली होती.

"तू बस," ती म्हणाली. "फोटो तेवढा वर धर. बोलायचा मी बोलते."

आणि तिनं बोलायला सुरुवात केली, दोन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. सुरुवात तिनं मुकादमापासून केली नाही, गिरणीपासूनही नाही. म्हणाली, "ऐका गो बायांनो. चौदा वर्षांमागं मी हिच्याशी भांडले."